चौदा शाळांची वही

मार्च संपत आला की माझ्याकडे एकच प्रश्न वेगवेगळ्या गावांच्या एसटीनं येतो. कधी जिंतूरहून, कधी गेवराईहून, कधी उदगीरहून. "मॅडम, नोकरी लागलीय, लेकरांना घेऊन संभाजीनगरला यायचंय. चांगल्या शाळा कोणत्या भागात आहेत तेवढं सांगा, तिथंच घर बघतो." खरं म्हणजे हा प्रश्न घरांच्या एजंटाला विचारायचा. पण घर ठरवताना पोटात जी धास्ती असते ती एजंटापुढं काढता येत नाही, म्हणून लोक माझ्यासारख्या समुपदेशकाकडे येतात.

अंबाजोगाईचं एक कुटुंब असंच आलं होतं. नावं देत नाही, ओळख पटेल असे दोन-चार तपशीलही बदललेत. वडिलांना शेंद्रा एमआयडीसीत नोकरी मिळाली होती. मोठी मुलगी आठवीत जाणार, धाकटा दुसरीत. आजी-आजोबा गावीच राहणार होते. पहिल्या भेटीला नवरा-बायको दोघंच आले.

बसल्या बसल्या ताईंनी पर्समधून दोनशेपानी वही काढली. पट्टीनं आखलेले रकाने. शाळेचं नाव, बोर्ड, फी, डोनेशन, बस, मैदान, दहावीचा निकाल. चौदा शाळा होत्या. शेवटच्या रकान्याला मथळा नव्हता, नुसत्या बरोबर-चुकीच्या खुणा. "हे काय?" म्हटल्यावर त्या जरा ओशाळल्या. "जाऊबाईंचं मत. त्या धा वर्षं झाली इथं राहतेत. त्यांची लेकरं इंग्लिश मीडियमला हायेत." जाऊबाईंच्या बरोबरच्या खुणा बहुतेक गारखेडा-उल्कानगरीकडच्या शाळांसमोर होत्या, त्यामुळं घरही तिकडंच बघायचं ठरत आलं होतं. वडिलांच्या डोक्यात मात्र बीड बायपासच्या पलीकडं, सातारा-देवळाईतला एक फ्लॅट होता. तिथं त्याच पैशात एक खोली जास्त मिळत होती.

कबूल करते, त्या दिवशी मी चूक केली. वही इतकी नीट होती की मीही तिच्यात रमले. दोन रकाने मीच वाढवून दिले, एका वर्गात मुलं किती आणि शिक्षक किती टिकतात. दीड तास आम्ही तिघं शाळांबद्दल बोललो आणि ते गेल्यावर माझ्या लक्षात आलं की मुलगी कशी आहे हे मी विचारलंच नाही. म्हणजे आईच्या वहीत जे नव्हतं तेच माझ्याही वहीत नव्हतं.

पुढच्या भेटीला दोघं मुलं घेऊन या, असं सांगितलं.

मोठी खुर्चीच्या अगदी कडेवर बसली. नवी शाळा बघितलीस का? "हो." आवडली? "चालेल." इंग्रजी माध्यम चालेल? "चालेल." गाव सोडायचं म्हणजे मैत्रिणी सुटणार. "चालेल." या वयाच्या मुलीच्या तोंडून इतके 'चालेल' ऐकले की मला काळजी वाटायला लागते. भांडणारी मुलगी बरी. ती अजून घरातल्या निर्णयात आहे. चालेल म्हणणारीनं निर्णयातून अंग काढून घेतलेलं असतं. आई-वडिलांना मात्र ती 'समजूतदार' वाटते, आणि या घरातही तिचं त्यासाठी कौतुकच चाललं होतं.

आई-वडिलांना बाहेर चहाला पाठवलं. पाच-सात मिनिटं ती काहीच बोलली नाही. मग मी विचारलं, तुला कुणी काय विचारलं या सगळ्यात? ती पटकन म्हणाली, "माझ्या खोलीला रंग कोणता पायजे, एवढंच." आणि थोडं थांबून, "तिथं सायकल चालवता येईल का?"

ती अंबाजोगाईत पाचवीपासून सायकलनं शाळेत जायची. तिघी मैत्रिणी. शाळा सुटली की वीस मिनिटांचा रस्ता त्या तासभर करायच्या. एकीच्या दारात थांब, दुसरीच्या आईकडून काकडी खा. तिला इंग्रजीची भीती होतीच, पण सायकल सुटणार ही त्याहून मोठी गोष्ट होती, कारण दिवसातला तेवढाच तास तिच्या मालकीचा होता. वहीत 'बस' असा रकाना होता. सायकल नव्हती.

तिसऱ्या भेटीला मी वही मिटून ठेवायला सांगितली आणि एक मोठा कागद पुढ्यात टाकला. सकाळी सहा ते रात्री नऊ अशी उभी रेघ. चौघांनी आपापला दिवस लिहायचा. आधी गारखेड्याचं घर धरून, मग साताऱ्याचं, मग जालना रोडच्या जवळपासचं कुठलंही. किती वाजता उठणार, कोण कुणाला सोडणार, मधल्या वेळी घरी कोण, संध्याकाळी कोण कुठे. मी ही युक्ती बऱ्याच घरांत वापरते. जे तोंडानं तासभर सुटत नाही ते कागदावर दहा मिनिटांत दिसतं.

साताऱ्याच्या घराचा दिवस लिहिताना वडीलच थबकले. मोठीची बस साडेसहाला येणार. त्यांना स्वतःला शेंद्र्याला जायला शहराचं हे टोक ते ते टोक, तेही बायपासवरून. परत यायला आठ. म्हणजे एक जास्तीची खोली मिळत होती आणि त्या खोलीत बसायला माणूस नव्हता. शिवाय आमच्या शहराची खास गोष्ट, पाणी. जायकवाडीचं धरण एवढं जवळ, पण नळ रोज येत नाही. मध्ये किती दिवस जातील हे भागावर आणि ऋतूवर. पाण्याच्या दिवशी घरात एक माणूस लागतोच, आणि जिथं जलवाहिनीच नाही तिथं टँकरची वाट बघायला लागतो. बाहेरून येणारा घर बघताना फरशी बघतो. मी म्हणते, शेजारणीला विचारा, पाणी कितव्या दिवशी आणि किती वाजता. ताईंना वाटलं मी विषय सोडून बोलतेय. पण पाण्याचा दिवस आणि धाकट्याची शाळा सुटायची वेळ एकत्र आली तर त्याला आणायला कोण जाणार?

गारखेड्याचा दिवस ठीक होता, पण तिथं वेगळीच गंमत निघाली. मी त्यांना एक काम दिलं होतं. वहीतल्या पहिल्या तीन शाळांच्या गेटसमोर शाळा सुटताना पंधरा मिनिटं उभं राहायचं, आत जायचं नाही. ताई उभ्या राहिल्या. सांगायला लागल्या, "मॅडम, लेकरं चालत घरी जायलेत असं दिसलंच नाही. सगळी रिक्षात, व्हॅनमध्ये. एका रिक्षात किती कोंबल्यात, मोजताच येईनात." म्हणजे शाळा त्या भागात होती, पण त्या भागाची नव्हती. तिथं घर घेतलं तरी वर्गातली मैत्रीण संध्याकाळी गल्लीत भेटेलच असं नाही, ती पडेगावला राहत असेल. चांगल्या शाळेचा भाग म्हणून जास्त भाडं भरणाऱ्यांनी हे आधी बघावं. कायद्यालासुद्धा शाळा घराजवळ हवी असं वाटतं. शिक्षण हक्काच्या नियमांत पहिली ते पाचवीसाठी १ किलोमीटर आणि सहावी ते आठवीसाठी ३ किलोमीटर हे अंतर धरलंय.

(लातूरला अकरावीसाठी जाणाऱ्यांचं गणित अगदी वेगळं. तिथं आई क्लासजवळ खोली करून दोन वर्षं राहते, वडील गावी. ते दोन वर्षांचं बिऱ्हाड आहे. आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा म्हणजे इथं घर मांडायचं आहे. पण लोक एकाचा हिशेब दुसऱ्याला लावतात.)

वहीतल्या शाळांबद्दलही थोडं. दोन शाळांच्या पाटीवर 'सीबीएसई पॅटर्न' होतं. पॅटर्न कुणीही लिहितं. शाळा खरंच त्या बोर्डाशी संलग्न असेल तर तिला संलग्नता क्रमांक असतो, आणि फी, शिक्षक, इमारत यांची ठरावीक माहिती शाळेच्या वेबसाइटवर टाकणं बोर्डानं बंधनकारक केलंय. एकीचा क्रमांक निघाला. दुसरीच्या ऑफिसात "प्रोसेसमध्ये आहे" असं उत्तर मिळालं. तिच्यावर ताईंनी स्वतःच रेघ मारली.

आणखी एका शाळेत धाकट्याची तोंडी परीक्षा झाली, नंतर आईचीही. इंग्रजीत. "घरात कोणती भाषा बोलता म्हणून इचारलं. मी मराठी म्हणलं तर त्या बाई नुसत्या हसल्या." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. चौदा शाळा फिरून आलेली ही बाई त्या एका हसण्यानं पार खचली होती. मी त्यांना सांगितलं की २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३ नुसार पहिली ते आठवीच्या प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची अशी चाळणी लावता येत नाही. पहिल्या वेळी २५ हजारांपर्यंत आणि पुढच्या प्रत्येक वेळी ५० हजारांपर्यंत दंड आहे. डोनेशनचंही तेच कलम. तक्रार करायची का, हे मी त्यांच्यावर सोडलं. त्यांनी केली नाही. पण त्या दिवसानंतर जाऊबाईंच्या रकान्याचा उल्लेख मी ऐकला नाही.

खरा पेच मोठीचा होता. ती गावी मराठी माध्यमात, सेमी इंग्रजीला. गणित आणि विज्ञान इंग्रजीत, बाकी मराठीत. आईला तिला आठवीतच पूर्ण इंग्रजी माध्यमात, सीबीएसईला घालायचं होतं. "आत्ता नाही तर कधी?" त्यांचा प्रश्न चुकीचा नव्हता. नववीत बोर्डाकडं नोंदणी झाली की बदल अवघड होत जातो. तरीही माझं मत मी स्पष्ट सांगितलं, आणि असं मत मी क्वचित देते. एका वर्षात मुलीचं गाव बदलतंय, घर बदलतंय, मैत्रिणी जातायत. त्याच वर्षी माध्यम आणि बोर्डही बदललं तर तिच्या हाताशी ओळखीचं काही उरत नाही. सेमीच ठेवा, निदान पुस्तक तरी तिला ओळखीचं वाटेल. वडिलांना पटलं. ताई म्हणाल्या, "म्हणजे आम्ही शहरात येऊनबी मराठी शाळेतच." मी गप्प राहिले. त्यांच्या तालुक्यातल्या शाळेबद्दल त्यांना जे वाटतं ते एका बैठकीत निवळणारं नव्हतं.

दिवसाचा कागद भिंतीला लावून शेवटी अटी उरल्या त्या अशा. मोठीला सायकलनं जाता यावं आणि वाटेत जालना रोड ओलांडावा लागू नये. कंपनीची बस जिथून जाते तिथवर वडिलांना पायी पोचता यावं. धाकट्याची शाळा आईला चालत जाण्याइतकी. पहिलं वर्ष भाड्यानं, अकरा महिन्यांचा करार, विकत काहीही नाही. या चाळणीतून सिडकोत, मुकुंदवाडीच्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरचं दोन खोल्यांचं घर निघालं. मोठीसाठी अनुदानित शाळा, सेमीचा वर्ग असलेली. ती वहीतल्या चौदांत नव्हतीच. धाकटा राज्य मंडळाच्या एका इंग्रजी शाळेत, त्यात मी पडले नाही.

शाळा सोडल्याचा दाखला अडकेल म्हणून वडील घाबरले होते. मागणी केल्यावर मुख्याध्यापकांनी तो लगेच द्यायचा असतो, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेला दाखल्याला उशीर झाला म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. आधारवरचं नाव आणि शाळेच्या नोंदीतलं नाव अक्षरन् अक्षर जुळतं का ते मात्र गाव सोडण्याआधीच बघा. मोठीच्या नावात एक वेलांटी ऱ्हस्वाची दीर्घ होती. त्यासाठी अंबाजोगाईला एक खेप झालीच.

जूनमध्ये शाळा सुरू झाल्या. पहिले पंधरा दिवस वडील सुट्टीच्या दिवशी मोठीबरोबर सायकलचा रस्ता फिरले. ऑगस्टमध्ये ती एकटीच माझ्याकडे आली, तशी भेट ठरली होती. वर्गातल्या एका मुलीशी तिचं कडाक्याचं भांडण झालं होतं आणि ती अर्धा तास तावातावानं तेच सांगत होती. मला बरं वाटलं. एकदाही 'चालेल' आलं नाही.

चुकले मी ते धाकट्याच्या बाबतीत. लहान आहे, रुळेल, असं आम्ही सगळ्यांनीच धरलं होतं. त्याच्या दिवसाच्या रेघेवर आम्ही 'शाळा, जेवण, झोप, खेळ' लिहून पुढं गेलो. जुलैपासून तो रोज शाळा सुटताना रडायचा. शाळेत जाताना नाही, सुटताना. बाईंनाही कळेना. आईनं बऱ्याच दिवसांनी सहज सांगितलं की गावी त्याला शाळेतून आणायला आजोबा जायचे. गेटवर तो आईकडं बघायचाच नाही, तिच्या मागं बघायचा.

गाव सोडणं म्हणजे त्याच्यासाठी आजोबांचं ते बोट सुटणं होतं. मी काही मोठा उपाय सांगितला नाही. सुटल्या सुटल्या गेटवरूनच आजोबांना व्हिडिओ कॉल करा, आणि जमलं तर आजोबांना महिनाभर बोलवा, एवढंच. गणपतीत आजोबा आले. पहिल्या दिवशी अर्धा तास आधीच गेटवर जाऊन उभे राहिले. रडणं थांबलं, अगदी त्याच दिवशी नाही, पण थांबलं.

दिवाळीच्या तोंडावर ताईंचा फोन आला. मला वाटलं नव्या शाळेबद्दल असेल, कारण वही अजून त्यांनी टाकलेली नाही हे मला माहीत होतं. पण त्या म्हणाल्या, "मॅडम, आता आजोबाच परत जातो म्हणायलेत. लेकराला सोडून जाववत नाही, पण पाणी आठवड्याला येतंय अशा गावात मी राहत नसतो, म्हणतेत. त्यांना काय सांगू?"