एसटी तोट्यात आणि खासगी ट्रॅव्हल्स नफ्यात, म्हणजे खासगी सेवा जास्त कार्यक्षम का? हे मोजतात कसं?

नफ्या-तोट्यावरून तरी नाही. तिकिटाचा दर, ज्येष्ठांची आणि महिलांची सवलत, कुठल्या आडगावाला गाडी सोडायची, हे आगारात ठरत नाही. उत्पादक कार्यक्षमतेचा प्रश्न वेगळा: हाताशी असलेल्या गाड्या, डिझेल आणि माणसं यांतून किती सेवा देता आली असती, आणि प्रत्यक्षात किती दिली?

मी संख्याशास्त्र शिकवतो. मुलं प्रकल्पाला हटकून एसटी घेतात आणि पहिला वाद ‘सेवा’ म्हणजे काय यावरच होतो. धावलेले किलोमीटर धरले तर रिकामी गाडी पळवणाराही हुशार ठरतो. भारमान, म्हणजे शंभरातली किती आसनं भरली ते, धरलं तर मुक्कामी जाऊन सकाळी शाळेची पोरं घेऊन येणारी गाडी नापास.

यावर १९७८ मध्ये चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स या तीन अभ्यासकांनी जो तोडगा काढला, त्याला डेटा एन्व्हलपमेंट अ‍ॅनालिसिस म्हणतात. अमेरिकेतल्या सरकारी शाळांच्या एका कार्यक्रमाचं मूल्यमापन हे त्यांचं निमित्त. कशाला किती महत्त्व द्यायचं ते प्रत्येक आगाराला आपल्या सोयीने ठरवू द्यायचं. मात्र तोच हिशेब बाकीच्या आगारांनाही लावायचा. एवढी मोकळीक देऊनही इतर पुढे गेले, तर सबब उरत नाही. गुणांक ०.८ आला, तर तेवढीच सेवा ८० टक्के साधनांत जमली असती. यात नफा लागत नाही, सेवेची किंमतही लागत नाही. म्हणून सरकारी दवाखान्यांना आणि बँकांच्या शाखांना हीच पद्धत लावतात.

मोकळीक अंगाशीही येते. दहा आगारं आणि आठ मोजमापं घेतलीत, तर जवळपास सगळेच पहिले येतील. शिवाय घाटात चढणाऱ्या कोकणातल्या गाडीचं डिझेल सोलापूरच्या गाडीशी ताडून बघणं हा अन्यायच.

ट्रॅव्हल्सशी तुलना करायचीच असेल, तर पुणे-नागपूरसारखा रात्रीचा एकच मार्ग घ्या आणि दर आसन-किलोमीटरला, म्हणजे एक आसन एक किलोमीटर नेायला, लागलेलं डिझेल आणि माणसांचे तास बघा. स्थानकांचा खर्च मात्र वेगळा मांडा. एसटीच्या वहीत तो असतो. रस्त्याच्या कडेला थांबून प्रवासी घेणाऱ्या ट्रॅव्हल्सच्या वहीत त्या जागेचं भाडं नसतं.