मी इंदूरला राहतो, ४ जीबी रॅमचा घरचा पीसी फार स्लो झालाय, काय करू?
४ जीबीत क्रोमचे वीस टॅब उघडले तर तो रांगणारच ना दादा! लगेच फॉरमॅट नका मारू. आधी कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडा, मेमरी सारखी ९० टक्क्यांच्या वर दिसली तर रॅमच कमी पडतेय, कारण ती भरली की विंडोज हार्डडिस्कवरच्या पेजफाइलवर (रॅमच्या जागी वापरायच्या फाइलवर) काम ढकलतं आणि जुनी डिस्क त्या मानाने फारच हळू, म्हणून सगळं अडकतं. तिथेच स्टार्टअपमधलं नको ते डिसेबल करा. रॅम वाढवायची तर आपली रॅम डीडीआर३ प्रकारची की डीडीआर४ हे बघूनच कॉम्प्युटरच्या दुकानांच्या सिल्व्हर मॉलला जा (आरएनटी मार्गावर, इंदूरचेच आहात म्हणजे माहीत असेलच), एकीच्या स्लॉटमध्ये दुसरी बसत नाही. पक्कं बिल मागाच. आणि ते रॅम मोकळी करतो म्हणणारे फुकटचे रॅम क्लीनर टाकू नका, ते स्वतःच मेमरी खातात.