वाचकांचे प्रश्न : एमजीबी का तापते?

प्रश्न : माझी एमजीबी (जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार) १९६५ची आहे. हायवेवर तापमानाचा काटा जागचा हलत नाही, पण लक्ष्मी रोडच्या गर्दीत शिरलं की पाच-सात मिनिटांत चढायला लागतो. मेकॅनिक म्हणतो, ॲल्युमिनियमचा मोठा रेडिएटर आणि इलेक्ट्रिक पंखा बसवून टाका. बसवू का? — पुणे

उत्तर : इतक्यात नको. पळताना गार आणि उभी राहिली की गरम, याचा अर्थ पाणी फिरतंय, रेडिएटरही आपलं काम करतोय. कमी पडतेय ती हवा. जी हवा आत्ताच्या रेडिएटरमधून जात नाही, ती मोठ्यातूनही जाणार नाही.

पण आधी मीटर खरं बोलतंय का ते बघा. तुमच्या गाडीत वायरचं सेन्डर (मीटरला विजेने तापमान कळवणारा भाग) नाही. इंजिनाच्या हेडपासून मीटरपर्यंत बारीक तांब्याची नळी जाते. इंजिन पूर्ण गार असताना नळीच्या टोकाचा बल्ब काढा आणि गरम पाण्याच्या पातेल्यात स्वयंपाकाच्या थर्मामीटरशेजारी धरा. मीटर फॅरनहाइटमध्ये असेल तर ८८ अंश सेल्सियसला काटा १९० वर यायला हवा. उकळत्या पाण्यावर तपासणार असाल तर पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, १०० ला नाही, हे ध्यानात ठेवा. बल्बचा नट जाम असतो. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवा आणि नटाबरोबर नळीला पीळ बसू देऊ नका. नळी चिरली की आतला ईथर उडून जातो आणि अख्खं मीटर दुरुस्तीला पाठवावं लागतं.

मीटर बरोबर निघालं तर मग हवा. इंजिन आयडलवर (गाडी उभी, ॲक्सिलरेटर न दाबता) ठेवा आणि वर्तमानपत्राचं एक पान रेडिएटरच्या पुढच्या बाजूला सोडा. ते जाळीला चिकटून राहिलं पाहिजे. घसरून खाली पडलं, तर पंखा उलटा बसलेला असू शकतो. वॉटर पंप बदलताना ही चूक सर्रास होते. उलट्या पात्यांनीही हवा मागेच ओढली जाते, पण फारच थोडी, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. पंखा फिरवणारा पट्टा (फॅनबेल्ट) दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मधोमध दाबल्यावर १३ मिलिमीटरच्या आसपास दबला पाहिजे. मूळचा तीन पात्यांचा पत्र्याचा पंखा आपल्याकडच्या उन्हाला अपुराच आहे. नंतरच्या गाड्यांचा सहा पात्यांचा पंखा लावला तर फरक जाणवतो.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे फोमच्या पट्ट्या. रेडिएटर ज्या पत्र्यावर बसतो त्याच्या कडा आणि बॉनेटखालची फट मुळात फोमने बंद केलेली असते. रंगकामाच्या वेळी तो फोम जातो आणि परत कोणी लावत नाही. मग गाडी उभी असताना इंजिनाकडची गरम हवा त्या फटीतून पुढे येते आणि पंखा तीच पुन्हा रेडिएटरमधून ओढतो. दारांना लावतात तो चिकट फोम आणा आणि सगळ्या फटी बुजवा. काम शंभर-दोनशे रुपयांचं आहे, आणि आमच्या मते यादीत पहिलं तेच असायला हवं. जाळीसमोर जादा हॉर्न, फॉगलॅम्प, मोठी नंबरप्लेट असेल तर तेही हलवा.

एवढं करूनही इलेक्ट्रिक पंखा हवाच असेल तर दोन गोष्टी सांभाळा. १९६७पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक गाडीच्या बॉडीला जोडलेलं (अर्थ केलेलं) असतं, नेहमीसारखं निगेटिव्ह नाही. पंख्याच्या वायरी नेहमीच्या सवयीने जोडल्या तर तो उलटा फिरेल. दुसरं, या गाडीत अल्टरनेटर नाही, डायनॅमो आहे. तो पूर्ण वेगात २२ अँपिअर देतो आणि आयडलवर जवळजवळ काहीच नाही. म्हणजे पंख्याची गरज जेव्हा सगळ्यात जास्त, नेमका तेव्हा तो बॅटरीवर चालणार. हेडलाइट लावून गर्दीत अडकलात तर ढकलायला माणसं शोधावी लागतील.

प्रश्न : १९६४ची एमजीबी, सॅन होझेजवळ. गावात काही त्रास नाही; पण चढावर ताशी ६० मैलांनी गेलं की तापते. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणारा व्हॉल्व्ह) नवीन आहे. — कॅलिफोर्निया

उत्तर : तुमचं गणित वरच्या उलट. हवा भरपूर आहे, म्हणजे एकतर पाणी पुरत नाही किंवा इंजिनच जास्त उष्णता करतंय.

इग्निशनपासून सुरुवात करा, कारण तिथे पैसे लागत नाहीत. टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं की जळण उशिरा होतं आणि उष्णता हेडमध्ये, एक्झॉस्टमध्ये जाते. एमजीबीच्या सुरुवातीच्या १८जी मालिकेच्या इंजिनांना डिस्ट्रिब्यूटरची (ठिणगी वाटणाऱ्या भागाची) व्हॅक्यूमची नळी काढून ६०० आरपीएमला पिस्टन वर पोचण्याच्या १४ अंश आधी ठिणगी पडायला हवी. मग ती नळी तोंडाने ओढून धरा : डिस्ट्रिब्यूटरमधली प्लेट सरकली पाहिजे आणि तिथेच थांबली पाहिजे. सरकली नाही तर तिला ओढणारा आतला पडदा (डायफ्राम) फाटलाय. (भारतातल्या वाचकांसाठी : कमी ऑक्टेनच्या पेट्रोलवर नॉकिंग होतं (इंजिन ठोकतं) म्हणून मेकॅनिक टायमिंग मागे घेतो, आणि मग तापण्याचा दोष रेडिएटरवर जातो. त्यापेक्षा ९५ ऑक्टेन भरा.)

नंतर रेडिएटर. गाडी तापवून बंद करा आणि इन्फ्रारेड थर्मामीटर जाळीवर हळूहळू फिरवा. वरून खाली तापमान एकसारखं उतरत जायला हवं. मध्येच गार पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बुजल्या आहेत. अशा रेडिएटरला पावडर टाकून फार काही होत नाही. टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवायची, नाहीतर नवा कोअर (नळ्यांचा मधला भाग) घालायचा.

ब्लॉक मात्र घरी धुता येतो. गाळ शेवटच्या, चौथ्या सिलिंडरमागे साठतो. ब्लॉकचा ड्रेन उजवीकडे मागे आहे. उघडल्यावर पाणी आलं नाही तर घाबरू नका, तार घालून टोचा, आधी तपकिरी चिखल येईल. त्यानंतर सुमारे साडेपाच लिटर पाण्यात पाव किलो सायट्रिक ॲसिड घालून हीटरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून वीस मिनिटं इंजिन चालवा. गार झाल्यावर ते पाणी काढून टाका, मग खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने एकदा आणि साध्या पाण्याने दोन-तीनदा धुवा. जास्त वेळ ठेवू नका, थर्मोस्टॅटचं घर ॲल्युमिनियमचं आहे. जुना रेडिएटर धुतल्यावर गळायला लागला, तर तो गाळानेच बंद होता असं समजा.

प्रश्न : थर्मोस्टॅट काढून टाकला तर चालेल का? आणि गाडी बंद केल्यावर पाणी खाली सांडतं ते का? — कोल्हापूर

उत्तर : काढू नका. थर्मोस्टॅट नसला की हेडमधला पाण्याचा दाब उतरतो आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या आसपास वाफेचे बुडबुडे धरतात. आपल्या हवेला ७४ अंशांचा थर्मोस्टॅट घ्या आणि कडेला तीन मिलिमीटरचं भोक पाडा, म्हणजे भरताना हवा अडकत नाही.

सांडण्याचं म्हणाल तर बहुधा तुम्ही काठोकाठ भरताय. जुन्या एमजीबीला वेगळी टाकी नाही. गरम पाणी फुगतं आणि जादाचं बाहेर फेकतं. तोंडापासून अडीच सेंटीमीटर खाली ठेवा, मग ते थांबतं. थांबलं नाही तर झाकण तपासून घ्या : सुरुवातीच्या गाड्यांना ७ पीएसआय (दाबाचं एकक) दाब धरणारं झाकण आहे, त्याने पाणी उकळण्याचा बिंदू दहा-बारा अंशांनी वाढतो. १५चं झाकण लावून जास्त फायदा मिळवायला जाऊ नका, साठ वर्षांच्या हीटरच्या जोडाला तो दाब सोसत नाही. झाकण चांगलं, पातळी बरोबर, तरीही रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकमधली सील) गेलेली असू शकते. नवी बसवल्यावर हेडचे नट ठरलेल्या क्रमाने ४५ ते ५० फूट-पाउंड घट्ट करा आणि टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट १५ थाऊवर (इंचाचे पंधरा हजारांश) पुन्हा लावून घ्या.

बोअरचं पाणी मुळीच घालू नका. डिस्टिल्ड वॉटर आणि तांब्या-पितळेच्या रेडिएटरला चालणारं जुन्या पद्धतीचं कूलंट, तेही एकास दोन पाणी असं पुरे. कोल्हापुरात पाणी गोठत नाही, कूलंट हवं ते गंजासाठी.