आधी बांधावर जा

चि. पोरी,

अनेक आशीर्वाद.

परवा तू चहा अर्धा ठेवून उठलीस. तू विचारलंस, "काका, उपग्रहाला आता सगळं वरून दिसतं. मग जमीन मोजणीच्या परीक्षेला बसू, की पुण्याला जाऊन स्क्रीनवर नकाशाच्या रेघा ओढायची नोकरी धरू? आणि जुन्या नकाशांचं हे वेड, त्याचं काय करू?" मी तेव्हा गप्प बसलो. दोन रात्री तेच डोक्यात घोळतंय, म्हणून लिहायला बसलो.

नोकरी कुठली ते तुझं तू ठरव. मुलीच्या जातीने उन्हातान्हात शेतं तुडवायची का, हा आईचा प्रश्नही मी सोडवणार नाही. मोजणीला मुली यंत्र खांद्यावर घेऊन येतात, ते तिला एकदा दाखव म्हणजे झालं. मला सांगायचंय ते एकच. जागेवर गेल्याशिवाय रेघ ओढायची नाही. पुण्यात ओढ नाहीतर सोलापुरात ओढ.

तू केलेला अडुसष्ट लिंगांचा नकाशा बघून मला आनंद झाला आणि रागही आला. ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांनी आपल्या सोलापूरभोवती स्थापिलेली लिंगं एका कागदावर आणावीत असं तुला वाटलं, याचा आनंद. राग याचा, की तू ती घरात बसून लावलीस. एक ठिपका चक्क एका घराच्या पत्र्यावर पडलाय. ते लिंग त्या घरामागच्या बोळाच्या तोंडाशी आहे, लहानपणी वडिलांचं बोट धरून मी तिथे उभा राहिलोय. संक्रांतीच्या आदल्या दिवशी सात नंदीध्वजांच्या उंच काठ्या मानकरी हिरेहब्बूंच्या वाड्यातून निघतात आणि बाराबंदी घातलेली माणसं अडुसष्टही ठिकाणी तैलाभिषेकाला जातात. अगं, तो या गावाचा नकाशाच आहे, दरवर्षी पायांनी काढला जाणारा! त्या वाटेवर चाल, मग ठिपके ठेव.

जुन्या नकाशांचं वेड कशाला म्हणतेस? माझ्याकडचा सर्व्हे ऑफ इंडियाचा ४७ ओ/१४, म्हणजे आपल्या सोलापूर भागाचा नकाशा, तू उलगडून बघितलास ना, कापडी अस्तराचा, घड्यांवर विरलेला. त्यातली प्रत्येक विहीर कुणीतरी चालत जाऊन बघितलेली आहे. आपला गुंठा घे. मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे १६ भाग, त्यांना आणे म्हणायचं. एक साखळी लांब, एक साखळी रुंद, झाला गुंठा. असे ४० झाले की एकर. सातबाऱ्यावर आज आपण जो आकडा वाचतो तो कुणाच्या तरी हातातल्या लोखंडी साखळीतून आलाय.

आणि मोजून सारा ठरवायची ही पद्धत बसली कुठे? आपल्या शेजारी, इंदापूर तालुक्यात. १८३० मध्ये प्रिंगल नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने तिथे शेतसारा बसवला. जमिनीच्या निव्वळ उत्पन्नाचं त्याचं गणित कागदावर फार देखणं होतं. पण खालच्या माणसांनी मापं आणि जमिनीच्या प्रती मन मानेल तशा लिहिल्या. सारा पेलेना, रानं पडीक पडली, लोक गाव सोडून गेले. मग १८३५-३६ साली गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी पुन्हा मोजणी केली, आकारणी उतरवली, आणि तीच रीत पुढे मुंबई इलाखाभर गेली. हा इतिहास वाचून उपयोग काय, असं पुन्हा विचारू नकोस.

हिंदुस्थानची मोठी त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या लॅम्बटनचं तर मी तुला दहादा सांगितलंय. १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा, म्हणजे सगळी मोजणी जिच्यावर उभी राहते ती पहिली रेघ, मोजून तो निघाला. १८०८ साली तंजावरच्या गोपुरावर चढवताना त्याचं अर्ध्या टनाचं थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजायचं यंत्र, दोर तुटून भिंतीवर आदळलं आणि चकती वाकली. हा माणूस तंबूत बसला आणि सहा आठवडे खपून त्याने ती हाताने सरळ केली. १८२३ मध्ये तो गेला तो आपल्या हिंगणघाटला, कामावर असतानाच. मोजणी खात्याच्या नैनसिंह रावतांनी तिबेटात ल्हासापर्यंतची वाट गुपचूप पावलांनी मोजली. जपमाळेत १०८ ऐवजी १०० मणी, दर शंभराव्या पावलाला एक मणी सरकवायचा. चुकलं पाऊल तर चुकला नकाशा. उपग्रहाचं चित्र मलाही आवडतं. पण बांध कुणाचा, हे चित्रात दिसत नाही पोरी. जागेवर जावंच लागतं.

आता जे आजवर तुझ्या काकूशिवाय कुणाला सांगितलं नाही ते सांगतो. मोजणी खात्यात नोकरीला लागून चार वर्षं झाली होती. सीनेकाठचं एक गाव, मे महिना, काळ्या रानाला हात जाईल एवढ्या भेगा. दोन चुलतभावांचा बांध मोजायचा होता. शेवटचा कोपरा ओढ्यापलीकडे, वेड्या बाभळीत. टिपणात, म्हणजे जुन्या मोजणीच्या नोंदीत, तिथे हद्दीचा दगड दाखवलेला. साखळीवाला म्हणाला, "साहेब, दगड कुठं जातोय?" मी लिंबाच्या सावलीत बसलो, टिपणावरून माप घेतलं आणि रेघ ओढली. ज्या दगडापासून मी सुरुवात केली होती, तो पुरानंतर कुणीतरी पुन्हा रोवलेला होता. साखळी पलीकडच्या कोपऱ्यापर्यंत नेली असती तर माप जुळलंच नसतं, तिथल्या तिथे कळलं असतं. तीन गुंठे इकडचे तिकडे गेले, आणि त्या तीन गुंठ्यांत विहीर होती. भाऊ कोर्टात गेले. सात वर्षांनी मी स्वतःहून तिथे गेलो, बाभळी तोडायला लावल्या. त्या कोपऱ्यातला मूळ दगड वीतभर खाली गाडलेला सापडला. मी लेखी कबुली दिली, नकाशा दुरुस्तही झाला. पण धाकटा भाऊ तोवर वारला होता.

त्यानंतर एकही कोपरा मी न बघता सोडला नाही. बरोबरीचे लोक दिवसाला तीन प्रकरणं निकाली काढायचे, माझं एक व्हायचं. बढती उशिरा आली. थोरलीच्या लग्नाच्या बैठकीला मी मोहोळकडच्या एका रानात होतो, तुझी काकू ते अजून बोलून दाखवते. सगळे मला हट्टी म्हणाले. म्हणू देत. ती बैठक माझ्यावाचून पार पडली. त्या दिवशीचा कोपरा माझ्यावाचून कुणी बघितला नसता. मी चुकलो असं मला आजही वाटत नाही, आणि तुला हे एवढं पटवून का सांगतोय तेही मला कळतंय.

तर ठिपके पुसून टाक. रविवारी सकाळी सहाला ये, ऊन चढायच्या आत निघू. टोपी, पाणी आणि तीस मीटरची टेप आण, कडक भाकरी आणि शेंगाचटणी काकू बांधून देईल. उत्तर कसब्यापासून सुरू करू, एका दिवसात होतील तेवढी लिंगं होतील. आणि पुढच्या रविवारी मला सीनेकाठी घेऊन चल, तुझं ते जीपीएसचं यंत्र घेऊन. बाभळी पुन्हा माजल्या असतील. तो मूळ दगड नक्की कुठे आहे, ते एकदा तुझ्या हातून नोंदवून ठेवायचंय.

तुझा,
काका