टेकऑफआधी पंखांवरचे भाग हलवून का बघतात? दर वेळी बघतात का?

रनवेकडे जाताना पंखाच्या मागच्या कडेचे भाग वरखाली होताना दिसले, बिघाड होता का, असं तुम्ही विचारलंय. बिघाड नव्हता. तो कंट्रोल चेक, म्हणजे विमान वळवणारे आणि वरखाली नेणारे भाग नीट हलतात का याची तपासणी. दर उड्डाणाआधी करतात, करायलाच हवा.

‘हलतंय ना? मग चल.’ हे वाक्य मी अजून विसरलेलो नाही. महाराष्ट्रातल्याच एका फ्लाइंग क्लबात शिकत होतो, सेसना 172 या छोट्या विमानावर जेमतेम तीस-पस्तीस तास झाले होते. त्या विमानाचा रेडिओ आदल्या दिवशीच बदललेला. सकाळची पहिली सॉर्टी (उड्डाण), मागे दोन विमानं रांगेत. चेक करताना योक (विमानाचं स्टीअरिंग) डावीकडे अलगद फिरला. उजवीकडे मात्र शेवटच्या बोटभर अंतरात काहीतरी घासल्यासारखं लागलं. अडलं नाही, नुसतं घासलं. शेजारी बसलेल्या इन्स्ट्रक्टर सरांना सांगितलं. त्यांनी एकदा फिरवून पाहिलं आणि म्हणाले, “हलतंय ना? मग चल. नाटकं नकोत.” मी म्हटलं, सर, मी नाही नेणार. हात थरथरत होते. परत येताना ते एक शब्द बोलले नाहीत. उतरल्यावर मात्र सगळ्या बॅचसमोर म्हणाले, “याला उडायची भीती वाटते.”

एएमईंनी, म्हणजे विमानाच्या मेंटेनन्स इंजिनिअरनी, पॅनलखाली टॉर्च मारला. रेडिओच्या तारांची जुडी नीट बांधलेली नव्हती, ती योकच्या दांड्याला घासत होती. “बरं झालं परत आलात,” एवढंच ते म्हणाले. सरांनी आपले शब्द कधीच मागे घेतले नाहीत.

सर, तुमचं चुकलं होतं. हलणं आणि बरोबर हलणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च 2001 मध्ये फ्रँकफर्टला लुफ्तान्साच्या ए320 या प्रवासी विमानात दुरुस्ती करताना कॅप्टनच्या साइडस्टिकच्या (योकऐवजी बाजूला असलेल्या दांड्याच्या) तारा उलट जोडल्या गेल्या. चेकमध्ये सगळं हललं, पण दिशा उलटी आहे हे कोणाच्या लक्षात आलं नाही. टेकऑफला डावा पंख खाली गेला, कॅप्टनने उजवीकडे स्टिक दाबली तर तो आणखी खाली. पंखाचं टोक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर आलं होतं. को-पायलटची स्टिक ठीक होती, त्याने ताबा घेतला म्हणून सगळे वाचले.

31 मे 2014 ला अमेरिकेत बेडफर्डला कोणी वाचलं नाही. गल्फस्ट्रीम या खाजगी जेटचं गस्ट लॉक, म्हणजे उभ्या विमानाचे हे भाग वाऱ्याने हलू नयेत म्हणून लावायचं लॉक, काढायचंच राहिलं होतं. विमान रनवे संपवून पुढे गेलं, सातही जण गेले. नवशिके नव्हते हो, दोघेही अनुभवी पायलट, वर्षानुवर्षं एकत्र उडणारे. तपासात निघालं की आधीच्या 175 टेकऑफपैकी 98 टक्के वेळा त्यांनी पूर्ण कंट्रोल चेक केलाच नव्हता. हे वाचलं की मला आजही राग येतो.

आता मी ए320 वरच आहे. एकाने स्टिक चारही बाजूंना टोकापर्यंत न्यायची, दुसऱ्याने स्क्रीनवर बघत मोठ्याने बोलायचं. न बघता ‘फुल अप, फुल डाऊन’ म्हणणारे भेटतात. त्यांना मी पहिल्यापासून करायला लावतो.

एक सांगायचं राहिलं. या चेकमध्ये सगळं सापडतं असं नाही, आतून झिजत चाललेला भाग त्यात कळणार नाही. म्हणूनच कंट्रोलच्या कामानंतर दुसरा माणूस स्वतंत्रपणे तपासतो आणि आमच्यापर्यंत चूक क्वचित पोहोचते. पुढच्या सीटवरून तुम्हाला पंख दिसला नाही तर चेक झाला नाही असंही समजू नका.

तुमच्यापैकी कोणी ट्रेनिंग घेत असेल तर योक धरताना अंगठे वर ठेवा. योक फिरवल्यावर अंगठे ज्या बाजूला झुकतील त्या बाजूचं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) वर गेलं पाहिजे. मान वळवून बघा, नुसतं हाताला जाणवून भागत नाही. काही खटकलं तर परत या आणि स्नॅग (बिघाडाची नोंद) लिहा, मागे कितीही विमानं थांबलेली असोत. घाबरट म्हणतील. मलाही म्हणाले होते, पण त्या दिवशीचा स्नॅग त्या विमानाच्या लॉगमध्ये माझ्या अक्षरात आहे.