राजीनामा लिहू नकोस, निदान या आठवड्यात तरी

तुझं पोस्ट वाचलं आणि झोप उडाली. फ्रान्समध्ये लिओंला नोकरी, वय 26, सेदेई (कायमचा करार) होऊन दीड वर्ष झालेलं, आणि एचआरची बाई गोड आवाजात म्हणतेय, "तूच राजीनामा दे, पुढे बरं दिसेल." हेच मला 2010 साली ऐकवलं गेलं. वयाने मोठी म्हणून अरे-तुरे करतेय, रागावू नकोस.

आपल्याकडे काढून टाकलं जाणं ही नामुष्की आणि राजीनामा म्हणजे अब्रू राखणं. हे डोक्यात पक्कं असल्यामुळे मी त्याच संध्याकाळी चार ओळी खरडल्या आणि सही ठोकली. तीन वर्षांच्या नोकरीचा निकाल चार ओळींत. बाईने "मेर्सी" म्हणून कॉफीसुद्धा पाजली.

मग बेकारभत्त्याच्या कार्यालयात गेले. कुठलं ते सांगत नाही. खिडकीपलीकडच्या बाईंनी फाईल उघडलीही नाही. कंपनीच्या दाखल्यावर नोकरी संपल्याचं कारण लिहिलेलं असतं, त्या ओळीवर पेनाचं टोक टेकवलं, "देमिसियों" (राजीनामा) म्हणाल्या, आणि ओठ फुगवून तो खास फ्रेंच "प्फ्फ". स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला सहसा भत्ता नाही, इतकंच. चार महिन्यांनी फेरविचाराचा अर्ज करता येतो, हे त्यांनी सांगितलं नाही. मला कळलं वर्षभराने, एका पोर्तुगीज शेजारणीकडून! तोवर आईकडून पैसे मागवून झाले होते. रेसिडन्स कार्डाचंही तेच. नोकरी मनाविरुद्ध गेली तर मुदत वाढवून मिळण्याची सोय असते, मी तर "स्वखुशीने" सोडलेली. थंडीत पहाटे पाचला प्रेफेक्त्यूरच्या (रेसिडन्स कार्ड देणाऱ्या सरकारी कचेरीच्या) रांगेत उभं राहून ही स्वखुशी काय असते ते शिकले.

मी वकील नाही, आणि नियम दर दोन वर्षांनी हलतात. पण 2008 पासून "रुप्त्यूर कोंवांसिओनेल" आहे, म्हणजे दोघांच्या संमतीने करार संपवणं. त्यात भरपाई मिळते, सहीनंतर विचार बदलायला 15 दिवस मिळतात आणि भत्त्याचा हक्कही शाबूत राहतो. कंपनीला तू नको असशील तर तिने हे मांडावं किंवा कारण देऊन काढावं. ते काम तू का करतोस? बाईने जे तोंडी सांगितलं ते मेलवर लिहून माग. बहुतेक वेळा तिथेच त्यांची गाडी अडते. जे पाठवशील ते पोचपावतीच्या रजिस्टर्ड पत्राने. आणि कंपनीत कर्मचाऱ्यांचा प्रतिनिधी असेल तर त्याला आधी गाठ.

तू विचारलंयस, "ही फ्रेंच मुलं कायमच्या नोकरीला इतकी का चिकटतात, आळशी आहेत का?" 2006 मध्ये मीही हेच म्हणायचे. पॅरिसला शिकत होते. पंतप्रधान द व्हिलपँ यांनी 26 वर्षांखालच्यांसाठी नवा करार आणला होता: पहिली दोन वर्षं कारण न देता काढता येईल. विद्यापीठं बंद, सॉर्बोन विद्यापीठात पोलीस, लाखो लोक रस्त्यावर. पोरांच्या फलकांवर एकच गाऱ्हाणं, आम्ही काय वापरून फेकायचे टिश्यू आहोत? मला हसू यायचं, पुण्यात कोणाला कारण देतात! राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी कायद्यावर सही केली आणि टीव्हीवर सांगितलं की तो अमलात आणू नका. 10 एप्रिलला तो मागेच घेतला.

पुढे घर शोधायला निघाले तेव्हा हसू मावळलं. घरमालक आधी सेदेई विचारतो, मग तीन पगारपत्रकं, मग भाड्याच्या तिप्पट पगार. करार कच्चा असेल तर खोलीसुद्धा दाखवत नाहीत. कायमच्या नोकरीत असलेल्यांना भक्कम तटबंदी आणि तरुण बाहेर स्ताज (इंटर्नशिप) आणि मुदतीच्या करारांत गोल फिरत, हा या देशाचा खरा रोग. माझ्या मते व्हिलपँ यांनी रोग ओळखला, पण कडू औषध फक्त पोरांनाच पाजायला गेले. हे पटणार नाही अशी मंडळी इथे बरीच आहेत, त्यांनी वेगळा धागा काढावा.

जाता जाता, घर बदलायचं असेल तर 30 वर्षांपर्यंतच्यांसाठी "विझाल" ही भाड्याची फुकट हमी आहे, तिचा अर्ज नोकरी हातात असतानाच कर. आणि ऑगस्ट येतोय, इथे सगळे सुट्टीवर, कोणी फोन उचलणार नाही, तेव्हा मेल उद्याच टाक. उत्तर काय येतं ते इथे लिही.