मोटर जळली म्हणाले तरी थांबा, आधी तो हलका डबा बाजूला करा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि सगळं ओळखीचं निघालं. जावयांनी अमेरिकेतून आणलेला स्टँड मिक्सर, सोबत तो आपल्या विजेवर चालवायला मुठीत मावेल एवढा ‘२००० वॅट’चा कन्व्हर्टर, एक नंबरवर हिसके, कणीक मळताना जळका वास आणि मग गप्प. दुकानदाराचा निकाल : मोटर गेली, नवी मागवा. कृपा करून इतक्यात मागवू नका.

प्लग काढून काम करा वगैरे तुम्हाला सांगायला नको. मूळ दुखणं बहुधा त्या कन्व्हर्टरच्या डब्यात आहे.

मिक्सरच्या प्लेटवर १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ लिहिलेलं असेल. ६० ऐवजी ५० हर्ट्झने बिघडत नाही, कारण आत कार्बन ब्रशवाली युनिव्हर्सल मोटर (एसी-डीसी दोन्हीवर चालणारी) असते. बिघडतं ते व्होल्टेजमुळे. हलके कन्व्हर्टर व्होल्टेज खरोखर कमी करत नाहीत. ते आपल्या २३० व्होल्टच्या लाटेचा तुकडा कापून पुढे पाठवतात. परिणाम ११० चा वाटतो, पण लाटेचं टोक ३०० व्होल्टच्या आसपास जातं. खऱ्या १२० च्या लाटेचं टोक १७० असतं. इस्त्री किंवा केस वाळवायच्या यंत्राच्या तारेला याचा फरक पडत नाही, ते डबे त्यासाठीच असतात. मिक्सरच्या आत मात्र वेग सांभाळणारा बोर्ड बसलेला असतो आणि तोही लाट कापूनच वेग ठरवतो. कापलेली लाट तो पुन्हा कापायला जातो, म्हणून ते हिसके. डब्यावरचा २००० चा आकडा या भानगडीत काही कामाचा नाही.

स्वस्त मल्टिमीटरने तो डबा तपासू नका. कापलेल्या लाटेवर ते चुकीचा आकडा दाखवतात.

हलक्या डब्यावर मिक्सर चालवायच्या या एका चुकीपायी आमच्याकडे एक बोर्ड आणि दोन मोटरी गेल्या. एका सर्व्हिसवाल्यांनी तपासणीचे पैसे घेतले, तीन आठवडे मशीन अडकवून ठेवलं आणि मिक्सर कशावर चालवता हे एकदाही विचारलं नाही. कागदावर फक्त ‘मोटर बदला’. नवी मोटर त्याच डब्यावर चालवल्यावर तिचंही तेच झालं. नाव घेत नाही, पण कशावर चालवता हे न विचारता मोटर बदलायला सांगणाऱ्याकडे मशीन सोडू नये, या मतावर मी ठाम आहे.

आता करायचं काय? इथे इंदूरच्या महारानी रोडवर जाऊन लोखंडी गाभ्याचा, तांब्याच्या वाइंडिंगचा २३० ते ११० चा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्या. तुमचा मिक्सर तीन-साडेतीनशे वॅटचा असला तरी १००० व्हीएपेक्षा (व्होल्ट-अँपिअर, म्हणजे ट्रान्सफॉर्मरची क्षमता) कमी नको, कारण घट्ट कणकेत मोटर बरीच जास्त करंट ओढते. दुकानदार ‘भिया, पाँच सौ में भी चल जाएगा’ म्हणेल, ऐकू नका. हातात घेतल्यावर जड लागला पाहिजे. १२० च्या मिक्सरला ११० मिळाले तर वेग जरासा कमी होईल, एवढंच. अर्थिंगची तार थेट मिक्सरच्या तिसऱ्या पिनपर्यंत जाते की नाही हे मीटरच्या बझरवर पाहून घ्या. बऱ्याच ट्रान्सफॉर्मरना दोन भोकांचंच सॉकेट असतं, आणि मग मिक्सरच्या धातूच्या अंगाला हात लावला की मुंग्या येतात.

मग रिकामा मिक्सर एक नंबरवर लावा. सगळ्याच नंबरांवर पूर्ण वेगाने पळाला तर बोर्डवरचा ट्रायक (लाट कापणारा भाग) शॉर्ट आहे, मोटर धडधाकट आहे. हूं की चूं नसेल तर आधी कार्बन ब्रश काढा. मिक्सरच्या डोक्याच्या, म्हणजे मोटर असलेल्या वरच्या भागाच्या, दोन्ही बाजूंना चपट्या पेचकसाने निघणाऱ्या टोप्या असतात, त्यांच्या आत. कार्बन ६ मिमीच्या खाली उतरला असेल तर जोडी बदला. जुनाच परत घालायचा तर ज्या तोंडाने निघाला त्याच तोंडाने, नाहीतर गोलाई जुळत नाही आणि ठिणग्या उडतात. ब्रश ठीक असूनही फिरत नसेल तर मागचं झाकण उघडून कम्युटेटर (ब्रश ज्यावर घासतात तो तांब्याच्या पट्ट्यांचा गोल) बघा. सगळीकडे सारखा काळसर असेल तर चालेल. दोन शेजारच्या पट्ट्या जळून खड्डा पडला असेल, तर मात्र आर्मेचर (मोटरचा फिरणारा भाग) गेलं; तेव्हा दुकानदार बरोबर होता असं समजा. वाइंडिंगवाले ‘२३० वर भरून देतो’ (म्हणजे मोटरची तार २३० व्होल्टसाठी नव्याने गुंडाळून देतो) म्हणतील, तर बोर्डही २३० चाच लागेल. त्या फंदात मी पडणार नाही.

मोटर फिरते पण बीटर थांबतो, असं झालं तर ती वेगळी तक्रार. आतला वर्म गिअर (दातेरी चाक) झिजला असेल. तो मुद्दामच मऊ ठेवतात, म्हणजे मोटर वाचते. तो बदलताना जुनं ग्रीस पूर्ण पुसून खाद्यपदार्थांसाठी चालणारंच भरा, साधारण १७० ग्रॅम. सियागंज बाजारात मिळणारं गाडीचं ग्रीस स्वस्त पडतं, पण ते डोक्यातून सरळ कणकेत टपकतं.

आणि कणीक! पोळीची घट्ट कणीक हे या मशीनचं काम नव्हे, असं माझं स्पष्ट मत आहे. मळायचीच असेल तर एका वेळी अर्धा किलो पीठ, आधी हाताने ओलं करून अर्धा तास झाकून ठेवलेलं, आणि दोन नंबरच्या वर जायचं नाही. पाच मिनिटांनी थांबा, मशीनच्या डोक्याला हात लावून बघा. चटका बसला तर उरलेली हातानेच मळा. श्रीखंडाचा चक्का फेटायला मात्र हे मशीन झकास.

मी काही परवानाधारक मेकॅनिक नाही, आणि वॉरंटी शिल्लक असेल तर झाकण उघडण्याआधी कागद वाचा. मागच्या प्लेटचा आणि कम्युटेटरचा फोटो टाका, त्यावरून बोर्ड कुठला लागेल ते सांगता येईल. तोवर तो कन्व्हर्टर घरात कुणाच्या हाती लागू देऊ नका.